माहेरी जाणारी बोट

आमच्या भागात बोटीचं नाव सभ्य माणसं दबक्या आवाजात काढतात. भीमेच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड, आणि मधल्या पाण्यात बोट दिसली की ती एकाच कामाची, वाळू उपसायची. तिच्यावर इंजिन, सक्शनचा पंप आणि मांडीएवढा जाड पाइप असतो. सरकारी पथक येतं, बोट फोडतं, जाळतं, आणि महिन्याभरात दुसरी उभी राहते. त्यामुळं निवृत्त झाल्यावर आमच्या यांनी अंगणात बोट बांधायला घेतली तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली. ती मी मनावर घेतली नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे चांगली मनावर घेतली आणि यांना म्हटलं, आता काही झालं तरी बांधाच.

हे खूळ आलं फ्रान्सहून. आमची लेक तिकडं नोकरीला आहे. तिनं आम्हाला बोलावून घेतलं आणि एक दिवस भाड्याच्या बोटीतून कालव्यावर फिरवलं. सकाळी नऊला बसलो, संध्याकाळी सहाला उतरलो, आणि एवढ्या वेळात कापलेलं अंतर मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला जाऊन भाजी घेऊन परत येते तेवढंही नव्हतं. बोट माणसाच्या चालीनं चालते. काठावरून फिरायला निघालेल्या एका आजीबाई आम्हाला मागं टाकून निघून गेल्या, वर हात करून. मी मात्र दिवसभर एकच शोधत होते, की पाणी उपसायच्या मोटरी कुठं आहेत? दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये तुडुंब कालवा, आणि पाण्यात एक पाइप सोडलेला नाही. आमच्याकडं कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की भाऊ भावाला ओळखत नाही. इथं पाणी नुसतं बघायला ठेवलंय, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

हे साखर कारखान्यात फिटर होते. यांना काठ दिसलाच नाही, यांना दिसली ती दारं. कालव्यात उतार येतो तिथं दोन दारांची एक कोठी असते. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, कोठीतलं पाणी खाली सोडायचं, बोट अलगद खाली उतरते, मग पुढचं दार उघडायचं. अशा प्रत्येक कोठीपाशी हे खाली उतरून हात मागं बांधून दाराच्या बिजागऱ्या तपासत होते. शेवटी तिथल्या एका बाईंनी यांना हँडल फिरवू दिलं. परत आले ते ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन, आणि तोंडावर असा आनंद, की आमच्या लग्नातही मी तो पाहिला नव्हता. संध्याकाळी उतरताना म्हणाले, “आपली नदी याच्या चौपट रुंद हाय.”

लेक हसली. म्हणाली, “बाबा, पण आपल्याकडं बोटीतून जायचं कुठं?”

उत्तर मी दिलं. म्हटलं, “माझ्या माहेरी.”

माझं माहेर दौंडच्या काठाला, आमच्या गावापासून पाण्यानं बारा-तेरा किलोमीटर खाली. रस्त्यानं जायचं तर आधी उलट्या दिशेनं पुलापर्यंत, मग एसटी नाहीतर जीप, मग पुन्हा पायी. चाळीस वर्षं मी त्या वळशानं गेले. गच्चीवर वाळवण घालायला चढले की नदी दिसायची आणि वाटायचं, हेच पाणी पुढं आईच्या दारावरून जातं, मग मीच का फिरून जायचं? बोलून दाखवलं की सासूबाई म्हणायच्या, “सुना पाण्यातनं म्हायेरी जात न्हाईत.” का जात नाहीत, ते मी तेव्हा विचारलं होतं. उत्तर म्हणून मला भांडी घासायला मिळाली होती.

तर यांनी बोट बांधली. आठ निळे बॅरल, लोखंडी अँगलची चौकट, वर प्लायवुड, उन्हासाठी हिरव्या शेडनेटचं छप्पर, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या नटबोल्टनं घट्ट बसवलेल्या, आणि मागं तण काढायच्या एका जुन्या पॉवर विडरचं इंजिन, त्याला पाण्यात फिरणारा पंखा. फ्रान्सच्या बोटींना काठाचा धक्का लागू नये म्हणून कडेला रबर लटकवलेलं असतं. यांनी त्याऐवजी जुना काळा पाइप बोटीच्या चहूबाजूंनी आवळून बांधला. दोन वर्षं गेली त्यात. येणारा जाणारा थांबून विचारायचा, “आबा, कशासाठी?” फिरायला, असं सांगितलं की पुन्हा विचारायचा, “व्हय, पण कशासाठी?” देवाला चाललोय म्हटलं असतं तर सगळे पाया पडले असते.

खरी अडचण वेगळीच होती. आमचं शेत वरच्या अंगाला. वाटणीत नदीकाठ गेला धाकट्या दिरांकडं. बोट पाण्यात सोडायची तर त्यांच्या वावरातून, आणि बांधायची तर त्यांच्याच काठाला. दुसरीकडं कुणी बोट बांधूच दिली नसती, दिवसाउजेडी फोडून टाकली असती. भावजी तसे दिलदार माणूस. त्यांचा ‘सप्लाय’चा धंदा होता. कसला सप्लाय, ते घरात कुणी विचारत नसे, मीही विचारलं नव्हतं. ते हसून म्हणाले, “वहिनी, बांधा की. माझ्या काठाला बोट असली तर कोण हात लावतंय?” हे खरं होतं. त्यांच्या नावावर आमची बोट सुरक्षित होती, आणि त्यांनी हात काढून घेतला तर दुसऱ्या दिवशी तिचे बॅरल भंगारात गेले असते. हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.

जानेवारीत निघालो. बंधाऱ्याला ढापे टाकलेले, म्हणजे लोखंडी फळ्या लावून पाणी अडवलेलं, त्यामुळं नदी भरलेली. मी नऊवारी नेसले होते, मुद्दाम. सुना पाण्यातून जात नाहीत ना, मग सून जाताना ती सून दिसली पाहिजे. ओटीचा नारळ, भावाच्या नातवंडांना शेंगदाण्याचे लाडू, पाण्याची कळशी, आणि शिक्षिकेची जुनी सवय म्हणून लेकीला सगळं लिहून पाठवायला एक दोनशे पानी वही. ऊसतोड चालू होती. फडातल्या माणसांनी कोयते थांबवले आणि आमच्याकडं बघत राहिली. एकानं ओरडून विचारलं, “कहाँ जा रहे हो, अम्मा?” मी ओरडून सांगितलं, “मायके!” त्याला ते एका झटक्यात कळलं. आमच्या गावाला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

नदीबद्दल खोटं लिहिणार नाही. पाण्याला वास येतो. पुण्याची सगळी घाण आमच्या दारावरून जाते आणि तिच्यावर जलपर्णी पोसते. पण त्या सकाळी ऊन कोवळं होतं, खंड्या तारेवर बसला होता, आणि मी माझ्याच नदीच्या मधोमध खुर्चीवर बसून डबा खात होते. मला कुणाची पर्वा नव्हती. फ्रान्समधल्या त्या आजीबाईंसारखा मी वर हात केला, तर काठावर म्हशी धुणाऱ्या माणसानं घाईघाईनं मोबाइल काढून आमचा फोटो घेतला. कुणाला पाठवला असेल, देव जाणे.

बंधाऱ्यापाशी आमच्याकडं कोठीही नाही आणि दारंही नाहीत. तिथं यांनी आधीच सांगून ठेवलेला एक ट्रॅक्टर होता. चार माणसांनी बोट उचलून ट्रॉलीवर घातली, बंधाऱ्याला वळसा घातला, आणि पलीकडं पुन्हा पाण्यात सोडली. मी खुर्चीवरून उतरले नाही. हे म्हणाले, “उतर की, वजन हुतंय.” मी म्हटलं, “फ्रान्समध्ये बोटीसकट खाली आणतात माणसाला.” चौघं हसले आणि मला बोटीसकट उचललं.

बंधाऱ्याच्या खाली अर्ध्या तासावर उजव्या हाताला, म्हणजे दौंडच्या काठाला, इंजिन एकदम गुरगुरून बंद पडलं. पंख्यात काहीतरी गुरफटलं होतं. पुढं सहाएक किलोमीटरवर माहेर, भावाचे दोन फोन येऊन गेलेले. हे मागं वाकून पाण्यात हात घालून ओढू लागले. मला वाटलं जलपर्णीच असणार.

तेवढ्यात काठावर आरडाओरडा झाला. वरच्या वावरात कांदा खुरपणाऱ्या सहा-सात बाया होत्या, साड्यांवर पुरुषी शर्ट घातलेल्या. त्या धावत खाली आल्या आणि सरळ पाण्यात उतरल्या, कमरेएवढ्या. सगळ्यांत पुढं माझ्याच वयाची एक उंच, काटक बाई होती. तिनं बोटीच्या कडेचा काळा पाइप मुठीत धरला आणि मागच्या बाईला म्हणाली, “सक्शन हाय गं. पहार आण.”

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं. बॅरल, इंजिन, पाइप. त्यांनी आम्हाला वाळूवाले ठरवलं होतं.

“अहो ताई, आम्ही फिरायला निघालोय,” मी म्हटलं.

“सगळेच फिरायला येत्यात. खाली उतरा. बोट फोडायची हाय.”

“फिरायला म्हणजे माहेरी. ही काय ओटी.” मी नारळ दाखवला.

“गावानं ठराव केलाय. ह्या काठाला बोट दिसली की फोडायची. मग ती कुणाची का असंना. उतरा.”

आता माझं डोकं फिरलं. दोन वर्षं लोकांचं हसणं ऐकलं, चाळीस वर्षं वळसा घातला, आणि सहा किलोमीटर उरलेलं असताना या बायका मला उतरवणार? मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. म्हटलं, “न्हाई उतरत. फोडायची तर माझ्यासकट फोडा. नदी काय तुमच्या बापाची हाय?”

ती बाई जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, “नदी न्हाई माझ्या बापाची. पण तुम्ही जितं बसलाय ती जिमीन माझी हाय.”

तिनं हात केला तिकडं मी पाहिलं. पाण्यात पंधरा-वीस हातांवर सिमेंटचं एक गोल कडं वर आलेलं होतं, विहिरीचं. आत पाणी, बाहेर पाणी. “ती माझी हीर. तितनं हितपर्यंत तीस गुंठं. ऊस व्हता. बोटींनी काठाखालनं वाळू ओढली आन् एका पावसाळ्यात समदं खाली बसलं.”

मी यांच्याकडं वळले. यांच्या हातात काळ्या नळीचा गुंता होता. ओढतील तशी नळी येत होती, हातभर, दोन हात, चार हात. जलपर्णी नव्हती ती. ठिबकची नळी होती, ओळीनं भोकं असलेली. आम्ही तिच्या उसावर तरंगत होतो.

पहार आली होती, पण कुणी उचलली नाही. बाया त्या नळीकडं बघत राहिल्या. हे हळूच म्हणाले, “ताई, आमच्या बोटीला सक्शन न्हाई. हा पाइप नुसता बांधलाय, धक्का लागू नये म्हणून. बघा, आतनं पोकळ, दोन्ही तोंडं बंद.” तिनं पाइप चाचपून पाहिला. मग विचारलं, “कुठलं तुम्ही?” यांनी गावाचं नाव सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण हे साधे माणूस, पुढं म्हणाले, “आमच्या ह्या त्या समोरच्या शाळंत हेडबाई व्हत्या.”

समोरच्या काठावर माझी शेवटची शाळा दिसत होती. कुंपणाची पिवळी भिंत, मागं ऑफिसची खिडकी. त्या खिडकीतून हा काठ मी आठ वर्षं पाहिला होता. पण या बाजूनं ती खिडकी कधी पाहिली नव्हती. किती जवळ होती ती.

“मग तुम्हाला दिसल्या असतील बोटी,” बाई म्हणाली.

“मी वर्गावर असायचे,” मी म्हटलं. नोकरीत अशी वाक्यं तोंडात तयारच असतात.

“दिवसाढवळ्या चालायच्या. आवाज कुणाला जात नव्हता?”

आवाज जात होता. इतका जात होता, की मी नदीकडच्या खिडक्या लावून घ्यायला सांगत असे. आणि ती पिवळी भिंत जिच्या वाळूनं उभी राहिली, ती वाळू आमच्या भावजींनी शाळेला फुकट दिली होती. त्यांचा सत्कार झाला तेव्हा शाल आणि नारळ माझ्याच हातानं दिला होता. पलीकडं कुणाची तरी जमीन खचतेय, हे मला कळत होतं. दौंडची जमीन, आपल्याला काय करायचं, असं मनाशी म्हटल्याचंही मला स्पष्ट आठवतं. मी स्वतः दौंडची लेक असताना.

त्या पाण्यात, त्या सगळ्या बायांसमोर मला स्वतःची इतकी लाज वाटली की खुर्चीचे हात आपोआप सुटले. मी म्हटलं, “व्हय ताई. दिसत व्हतं मला. समदं दिसत व्हतं. मी बोलले न्हाई.”

ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही, थकल्यासारखी पाइपावर टेकली. म्हणाली, “पंचनाम्यात पुरानं वाहून गेली असं लिवलंय. मी सांगती बोटींनी नेली. ते म्हणत्यात, कुणी बघितलं? समोरच्या काठावरनं एक माणूस आणा. पाच वर्सं मी एक माणूस हुडकती.” मग मागं वळून बायांना म्हणाली, “सोडा गं बोट. हिच्यात काय न्हाई. जाऊ द्या बाईंना म्हायेरी.”

बायांनी हात काढले. इंजिनचा पंखा मोकळा झाला होता. हे दोरी ओढायला वाकले. बोट आमची होती, पाणी मोकळं होतं, आणि मी सकाळपासून जिच्यासाठी भांडत होते ती वाट कुणीही अडवलेली नव्हती. वर हात करून निघून जायचं, एवढंच काम होतं.

“थांबा,” मी यांना म्हटलं, आणि पिशवीतून वही काढली.

त्या दिवशी आम्ही माहेरी पोचलो, उन्हं उतरताना. भावजय पाण्यापर्यंत औक्षणाचं ताट घेऊन आली होती. लेकीला मी ते सगळं कळवलं. बोट अजून तिथंच आहे, भावाच्या काठाला. आमच्या काठाला ती पुन्हा लागली नाही, आणि आम्हालाही आता गावात पुष्कळ जण दारात उभं करत नाहीत. पण त्या प्रवासातलं मला रोज आठवतं ते माहेर नाही, ते मधलं पाणी आठवतं.

तिथंच मी मांडीवर वही घेऊन लिहिलं. मी अमुक अमुक, समोरच्या शाळेची माजी मुख्याध्यापिका, लिहून देते की शाळेच्या खिडकीतून मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काय पाहिलं ते लिहिलं. किती बोटी, काठाच्या किती जवळ, कोणत्या महिन्यांत. अक्षर मुद्दाम फळ्यावरच्यासारखं, कुणालाही वाचता येईल असं. शेवटी लिहिलं, ‘सदर बोटी आमच्या गावातील काही व्यक्तींच्या होत्या.’

हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, “काही व्यक्ती म्हंजी?”

“अहो...”

“तुला ठावं हाय. मला बी ठावं हाय. नाव लिही.”

“मग बोट कुठं बांधणार?”

यांनी बोटीकडं पाहिलं. दोन वर्षं हातानं घासलेली, रंगवलेली चौकट. मग म्हणाले, “ते बघू. पुरं नाव लिही.”

मी लिहिलं. भावजींचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. या पानांवर मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, पण त्या पानावर आहे. खाली माझी सही केली, पूर्ण. पान फाडून त्या बाईच्या हातात दिलं. तिनं ओले हात शर्टाला पुसले आणि अक्षरं जुळवत वरपासून खालपर्यंत वाचलं. भावजींच्या नावाशी थांबली, सहीपाशी आली, पुन्हा वर गेली. आडनाव एकच होतं.

“घरचाच हाय व्हय?” तिनं विचारलं.

“घरचाच हाय,” मी म्हटलं. “आन् लिहिणारी बी घरचीच हाय.”